घरी नवीन आलेल्या गिनीपिगना रुळवायचं कसं?

केतकी_ठाणे
नमस्कार मंडळी,
गेल्या रविवारी आमच्याकडे दोन गिनीपिग आले. आमच्याच सोसायटीतलं एक कुटुंब कायमचं परदेशी चाललंय, त्यांनी पिंजऱ्यासकट दिले. दोघी बहिणी आहेत, वय साधारण पाच महिने. लेकीने (इयत्ता चौथी) नावं ठेवलीत: तपकिरी ती जायफळ आणि पांढरट-हिरवट डोळ्यांची छटा असलेली ती वेलची.

अडचण अशी, की आल्यापासून दोघी खोक्याच्या आत एकमेकींना चिकटून बसतात. आम्ही खोलीत शिरलो की जागच्या जागी थिजतात, डोळ्यांची पापणी हलत नाही. आमच्यासमोर घास उचलत नाहीत. रात्री दिवे मालवल्यावर मात्र खुडबुड ऐकू येते. सासूबाई म्हणतात, घाबरलीत, राहू दे. लेक रोज शाळेतून आली की पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसते आणि हिरमुसते. नवऱ्याचं म्हणणं, रोज हातात घेतल्याशिवाय सवय लागायची नाही.

तर प्रश्न हा: यांना काही दिवस अजिबात हात लावू नये, की पहिल्यापासून हाताळावं? आणि घाबरलेलं कोणतं आणि आजारी कोणतं, हे ओळखायचं कसं? माझी झोप उडालीय ती या दुसऱ्या प्रश्नाने.

रानजाई
केतकी, अभिनंदन! माझ्याकडे चार आहेत, सगळे दत्तक. थिजून बसणं अगदी नेहमीचं आहे. निसर्गात हा प्राणी सगळ्यांचं भक्ष्य. वरून सावली पडली की ससाणाच आला असं त्याच्या रक्तात भिनलेलं आहे. म्हणून पहिला आठवडा हात लावू नकोस. पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर चादर टाक. गवत भरपूर ठेव, पाणी ठेव आणि त्याच खोलीत तुझी रोजची कामं कर. भाजी निवड, फोनवर बोल. तुमचा आवाज आणि वास रोजचा झाला की भीती आपोआप उतरते.

खोक्याला दोन दारं कर. एकच दार असलं तर आतली दार अडवून बसते आणि दुसरी कोंडली जाते.

टिपूची_आई
रानजाई, आठवडाभर हात लावायचा नाही हे मला पटत नाही. आमच्या टिपूला आम्ही दुसऱ्या दिवसापासून रोज थोडा वेळ मांडीवर घेत होतो. टॉवेलात गुंडाळून, हातात कोथिंबिरीची काडी देऊन. आज तो हाक मारली की पळत येतो. एकदा लांब ठेवलं की लांबच राहतात.

रानजाई
@टिपूची_आई, टिपूचा स्वभाव धीट असेल. माझी एक गिनी आजही उचललेलं सहन करत नाही, पण हातातून खायला सगळ्यात आधी तीच येते. पाठलाग करून पकडायचं आणि मग लाड करायचे, याने त्यांच्या डोक्यात एवढंच राहतं की हात आला की पकडतात. त्यांनी आपणहून येणं आणि आपण धरून आणणं, यात फार फरक आहे.

भटक्या_कुडाळ
+१ रानजाई.
आणि केतकीताई, पिंजरा जमिनीवर ठेवला असेल तर टेबलाच्या उंचीवर घ्या, एक बाजू भिंतीला लावून. माणूस वरून येण्याऐवजी समोरून आला की निम्मी भीती जाते.

केतकी_ठाणे
सगळ्यांचे आभार. पिंजरा जमिनीवरच होता, आत्ताच दिवाणावर घेतला. लांबी दोन फूट, रुंदी दीड, तळाला जाळी. जाळीखाली ट्रे आहे, त्यामुळे साफ करायला सोपं पडतं.

रानजाई
जाळी आजच्या आज झाक. त्यांच्या तळपायांना केस नसतात, कातडी नाजूक असते. जाळीवर सतत उभं राहून पायाला चट्टे पडतात, त्यात जंतू गेले की सूज येते आणि ती बरी व्हायला महिने लागतात. आणि दोन फूट फार कमी आहे. दोघींना निदान साडेसात चौरस फूट लागतं, त्याहून मोठं मिळालं तर उत्तमच. उंची नको, माड्या नकोत, सपाट लांबी हवी. त्या चढत नाहीत, धावतात.

चपलांच्या रॅकसाठी तारेचे चौकोनी जाळीचे तुकडे मिळतात ना, ते प्लास्टिकच्या पट्ट्यांनी एकमेकांना बांध. दोन तुकडे रुंद आणि चार तुकडे लांब असं केलंस की साधारण दहा चौरस फुटांचं घर होतं. खाली कोरोगेटेड प्लास्टिकचा पत्रा, वर अंथरूण. जाळीची भोकं मात्र लहान बघून घे, मोठ्या भोकात डोकं अडकतं.

मीरा_प
अंथरुणासाठी आमच्याकडे खाली वर्तमानपत्र, त्यावर जुनी गोधडी आणि सगळ्यात वर फ्लीसचं पांघरूण. ओल खाली झिरपते आणि वरचं कोरडं राहतं. गोधडी थेट वर नको. तिचे उसवलेले टाके नखात अडकतात. फ्लीस आधी दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊन घ्या, कापड सुगंधी करणारं द्रव्य न घालता. नवीन कापडातून पाणी खाली उतरत नाही, वरच साचतं.

लाकडाचा भुसा घालणार असाल तर देवदार किंवा ताज्या चीडचा घालू नका. त्याच्या उग्र वासाचा त्यांच्या छातीला त्रास होतो.

डॉ_माणदेशी
मी पशुवैद्य आहे, माझं रोजचं काम गाई-शेळ्यांचं, पण जवळच्या शहरातून लोक ससे आणि गिनीपिगही घेऊन येतात. केतकीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळलेलं दिसत नाही आणि माझ्या मते मुख्य प्रश्न तोच आहे.

भक्ष्य असलेला प्राणी आजार लपवतो. कोपऱ्यात अंग चोरून बसणं, समोर न खाणं, अंग फुगवणं: भीतीतही हेच दिसतं आणि दुखण्यातही हेच. नुसतं बघून तज्ज्ञालाही फसायला होतं. म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा बाहेर काढा. रोज एकाच वेळी, सकाळी भाजी घालण्याआधी, प्रत्येकीचं वजन करून वहीत लिहा. पन्नास ग्रॅमपर्यंत खाली-वर होतं, त्याने घाबरू नका. पण वजन रोज उतरत असेल तर ती रुळत नाहीये, आजारी आहे असं धरा आणि दाखवायला न्या.

दुसरी खूण लेंड्या. धडधाकट गिनी दिवसाला शंभरएक लेंड्या टाकते. त्या लांबट, एकसारख्या, बाहेरून कोरड्या असायला हव्यात. आकार लहान झाला, थेंबासारखा एका बाजूने निमुळता झाला किंवा संख्या एकदम घटली, तर पोटात चारा कमी जातोय.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: गिनीपिगने बारा तास काहीच खाल्लं नाही तर ती तातडीची बाब आहे. "रुळेल हळूहळू" म्हणत दोन दिवस थांबायचं नाही. त्यांचं आतडं सतत चालू राहावं लागतं. ते थांबलं की आत वायू धरतो आणि मग हाताबाहेर जातं.

केतकी_ठाणे
डॉक्टर, फार फार आभार. उद्यापासून वही सुरू. वजन करताना हाताळावं लागेलच ना, मग "हात लावू नका" आणि हे जमवायचं कसं?

डॉ_माणदेशी
पकडू नका. त्यांचं लपायचं खोकं किंवा एखादी बोगद्यासारखी कापडी पिशवी त्यांच्यापुढे धरा, त्या आपणहून आत शिरतात. पिशवीसकट काट्यावर ठेवा, नंतर रिकाम्या पिशवीचं वजन वजा करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

उचलावंच लागलं तर दोन्ही हातांनी. एक हात छातीखाली, दुसऱ्याने मागचे पाय पूर्ण पेललेले. मुलांना कायम जमिनीवर बसवूनच हातात द्या. कमरेच्या उंचीवरून पडलं तरी दात किंवा पाठीचा कणा मोडतो.

टिपूची_आई
डॉक्टरांची पिशवीची युक्ती फार आवडली. मी सुचवलं होतं त्याच्या आणि रानजाईच्या मधली वाट आहे ही. रोजचा संबंधही राहतो आणि पाठलागही नाही.

चिंगी
खातात काय पण तुमच्या? तो भाग राहिलाच की.

केतकी_ठाणे
आधीच्या घरी दुकानातल्या रंगीत गोळ्या, गाजर आणि कधीमधी पोळी, असं सांगितलं. गवताचं नाव नव्हतं. मी तसंच चालू ठेवलंय, म्हटलं एकदम बदल नको.

रानजाई
एकदम बदल नको हे अगदी खरं, पण गवत आजच घाल, त्याला थांबायचं नाही. खाण्यातला ऐंशी टक्के भाग वाळलेलं गवत हवं. त्यांचे दात, पुढचे आणि दाढाही, जन्मभर वाढत राहतात आणि झिजतात ते गवत चावूनच. दाढा वाढून जिभेवर आल्या की भूक असूनही गिळता येत नाही. टिमोथी गवत बाहेरून येतं, महाग पडतं. ओटचं वाळलेलं गवत त्यामानाने स्वस्त आणि चांगलं. भाताचा पेंढा चालतो तो अंथरायला. त्यात कस नसतो, त्यावर पोट भरू नका.

पोळी, भात, बिस्किट, फरसाण पूर्ण बंद. कांदा, लसूण, बटाटा, अव्होकाडो हे विषारी. पालक रोज नको, मूतखडे होतात. रंगीत गोळ्यांच्या जागी साध्या, एकाच रंगाच्या गोळ्या आठवडाभरात हळूहळू मिसळत आण, रोज दीड-दोन चमचेच.

नागपुरी_संत्रं
भाजीवाल्याकडून फुकटात मिळणारा माल सांगतो: मक्याची हिरवी सालं, गाजराचा पाला, फ्लॉवरची कोवळी पानं (थोडीच, वायू होतो). आमच्या भाजीवालीला माहीत आहे, ती मक्याची सालं बाजूलाच काढून ठेवते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा "म्हैस पाळली काय जी?" म्हणाली होती. :)

मीरा_प
दूर्वा! आमच्या दोघी दूर्वांवर तुटून पडतात.

भटक्या_कुडाळ
दूर्वा चालतात, पण शहरात देवळाबाहेर मिळणाऱ्या जुड्या कुठल्या पाण्याने भिजवलेल्या असतात ते बघून घ्या. रस्त्याकडेच्या हिरवळीवर कुत्र्यांचं मूत्र आणि तणनाशक दोन्ही असतं. त्यापेक्षा घरीच करा. घटस्थापनेला पेरतो तसे पसरट भांड्यात गहू पेरा. आठवड्याभरात वीतभर हिरवं उगवतं, भांडंच्या भांडं पिंजऱ्यात ठेवा. आमच्याकडे आळीपाळीने तीन भांडी फिरत असतात.

सौ_अलिबागकर
भटक्या, ही कल्पना भारी आहे. संकष्टीला जुडीचा भाव विचारायची सोय नसते, तेव्हा माझ्या दोघांचा उपासच व्हायचा. :D

अण्णा_सांगली
मी जीवशास्त्राचा निवृत्त शिक्षक. गाजराचं नाव आलं म्हणून लिहितो. गिनीपिगला क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही. माणसालाही येत नाही. उंदराला, कुत्र्याला, गाईला येतं. त्यामुळे निव्वळ गोळ्या आणि गाजरावर ठेवलेल्या गिनीपिगला काही आठवड्यांत स्कर्व्ही होऊ शकते: सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, हात लावला की ती ओरडते, चालायला बघत नाही. आणि बघणाऱ्याला वाटतं की अजून बुजलेलीच आहे. डॉक्टरांनी जे सांगितलं त्याला हे जोडून वाचावं.

याच गुणामुळे या छोट्या जिवाने वैद्यकशास्त्रावर मोठे उपकार केले आहेत. १९०७ साली नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख हे दोघं खलाशांना होणाऱ्या बेरीबेरी या आजाराचा शोध घेत होते. गिनीपिगना नुसत्या धान्यावर ठेवलं आणि त्यांना बेरीबेरीऐवजी स्कर्व्ही झाली. ताजी भाजी दिल्यावर ती बरी झाली. उंदीर वापरले असते तर काहीच दिसलं नसतं. पुढे १९३२ साली हंगेरीत सेंट-जॉर्जी यांनी याच प्राण्यावर प्रयोग करून दाखवलं की त्यांनी वेगळं काढलेलं द्रव्य म्हणजेच क जीवनसत्त्व. मग ते भरपूर प्रमाणात मिळवलं कशातून, तर त्यांच्या सेगेद गावच्या लाल मिरचीतून. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं.

म्हणून माझा सल्ला तोच, ढोबळी मिरची. लाल ढोबळीत १०० ग्रॅमला साधारण १२५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. मोठ्या गिनीपिगला दिवसाला किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. वीस ग्रॅमची एक फोड रोज दिली की काम झालं.

चिंगी
अण्णा, तुमच्या वर्गात बसायला हवं होतं! पाण्यात थेंब टाकायच्या बाटल्या मिळतात, त्या घ्याव्यात का?

अण्णा_सांगली
नकोत. पाण्यात हे जीवनसत्त्व टिकत नाही, उजेडात काही तासांत निकामी होतं. शिवाय चव बदलल्यामुळे प्राणी पाणीच कमी पितो. त्याच पैशांत आठवड्याच्या ढोबळ्या मिरच्या येतील. आवळ्याची बारीक चकतीही अधूनमधून चालेल.

नागपुरी_संत्रं
मूळचे पेरू देशाकडचे ना हे? मग पेरूच द्या. क जीवनसत्त्व ढोबळीपेक्षा जास्त. :)

अण्णा_सांगली
बरोबर आहे, पण पेरूत साखर असते. आठवड्यातून दोनदा, बोटाच्या पेराएवढा तुकडा. अँडीज पर्वतातल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वीच यांना माणसाळवलं. आजही तिथल्या डोंगरी घरांत त्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर मोकळ्या फिरतात, कारण चुलीमुळे तिथे ऊब असते. तिथे त्या खाण्यासाठी पाळतात, हेही खरं.

सौ_अलिबागकर
अण्णा, शेवटचं वाक्य माझ्या मुलाने मागून वाचलं आणि तो आता आमच्या दोघांना घेऊन पलंगाखाली बसलाय.

झुरिचकर
थोडा वेगळा मुद्दा. इथे स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासूनच्या प्राणी संरक्षण नियमांनुसार गिनीपिग एकटा ठेवता येत नाही, सोबत लागतेच. जोडीतला एक गेला की उरलेल्याला सोबत म्हणून गिनीपिग उसना देणारे लोकही इथे आहेत. केतकीने दोघी एकत्र घेतल्या हे फार बरं केलं. नव्या घरात एकमेकींचा आधार हेच त्यांचं निम्मं रुळणं.

भारतात दुकानदार एकेकटा विकतात आणि "सशाबरोबर ठेवा" म्हणून सांगतात, ते मात्र करू नका. सशाच्या लाथेने हाड मोडतं आणि सशांमध्ये निरुपद्रवी राहणारा बोर्डेटेला जंतू गिनीला न्यूमोनिया करतो.

केतकी_ठाणे
सगळ्यांना आजचा वृत्तांत. जाळी झाकली, गवत आणलं. गवताचा ढीग टाकला आणि जायफळ त्यात पूर्ण गडप झाली, फक्त गवत हलताना दिसत होतं. काल संध्याकाळी मी शेजारी बसून गवार मोडत होते तर वेलची खोक्याबाहेर आली, माझ्याकडे बघत कोथिंबिरीची काडी देठाकडून धरली आणि न थांबता पानापर्यंत आत ओढली. ओठ दुभंगलेला असतो ना, त्यामुळे खाताना नाकाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात. लेक श्वास रोखून बघत होती.

वजनं: जायफळ ७१० वरून ७४५, वेलची ७८० ला स्थिर.

वेलची मात्र अधूनमधून जायफळच्या मागे मागे जाते, कंबर हलवत, पाय जमिनीवर घासत, आणि खोल घुर्र असा आवाज काढते. जायफळ वैतागून दात कडकडवते. भांडण म्हणायचं का हे?

रानजाई
केतकी, दोघी मादीच आहेत हे कोणी तपासलंय?

टिपूची_आई
माझ्याही मनात तेच आलं. हे वर्णन थेट आमच्या टिपूचं आहे!

डॉ_माणदेशी
माद्याही माजावर असताना असं करतात, त्यामुळे एवढ्यावरून ठरवू नका. पण तपासून घ्यायला उशीर करू नका. दुकानात लिंग चुकीचं सांगितलं जाणं रोजचं आहे. यांच्यात नर तीन आठवड्यांचे झाले की वेगळे करतात, इतक्या लवकर वयात येतात. मादी तर महिन्या-दीड महिन्यातच गाभण राहू शकते.

ठाण्याहून परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठता येईल, नाहीतर ससे-पक्षी बघणारा जवळचा डॉक्टर शोधा. जाण्याआधी फोनवर विचारा की गिनीपिगचा अनुभव आहे का. नेताना दोघींना एकाच टोपलीत न्या, खाली टॉवेल, मूठभर गवत आणि काकडीची फोड, वाटेत पाण्याची सोय तीच.

औषध देण्याची वेळ आली तर एक गोष्ट आवर्जून विचारा. तोंडावाटे अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधं गिनीपिगला चालत नाहीत. पोटातले उपयोगी जंतू मरतात आणि प्राणी दगावतो. कुत्र्या-मांजरासाठी घरात असलेलं औषध तर चुकूनही देऊ नका.

भटक्या_कुडाळ
वाट बघतोय, ताई. कळवा.

केतकी_ठाणे
जाऊन आलो. वेलची नर आहे. आणि जायफळ गाभण आहे, डॉक्टरांना पोटात हाताला दोन पिल्लं लागली. ज्यांनी दिले त्यांना फोन केला, त्यांनाही दुकानदाराने दोन बहिणी म्हणूनच विकले होते.

मला थोडं रडू आलं, खरं सांगते. पण डॉक्टर म्हणाले की पाच महिन्यांच्या वयात आहे हे त्यातल्या त्यात बरं.

नागपुरी_संत्रं
वेलचीचा वेलदोडा झाला की हो!

सौ_अलिबागकर
वेलदोडा!! लेकीला सांगा, नाव बदलायचं कामच नाही. :D

डॉ_माणदेशी
पाच महिन्यांबद्दल खुलासा करतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. पहिलं बाळंतपण न होता मादी सहा-आठ महिन्यांची झाली की तिच्या ओटीपोटाची हाडं सांधून घट्ट होतात. नंतर पहिल्यांदाच गाभण राहिली तर पिल्लू अडकतं आणि शस्त्रक्रियेशिवाय मार्ग उरत नाही. जायफळ त्याआधीच्या वयात आहे.

आता करायचं ते असं. वेलदोड्याला आजच वेगळं करा. मादी व्यायल्यावर काही तासांत पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून "पिल्लं झाल्यावर बघू" चालणार नाही. मधे जाळीची भिंत घाला. एकमेकांना दिसतील, वास येईल, बोलतील, म्हणजे कोणी एकटं पडणार नाही. वेलदोड्याची नसबंदी अनुभवी डॉक्टरकडून करून घ्या. त्यानंतरही सहा आठवडे वेगळंच ठेवा, कारण तोवर त्याच्यापासून गर्भ राहू शकतो.

गर्भाचा काळ ५९ ते ७२ दिवसांचा. पिल्लं डोळे उघडे, अंगावर केस, तोंडात दात अशीच जन्मतात आणि पहिल्या-दुसऱ्या दिवशी गवत कुरतडायला लागतात. नर पिल्लं निघाली तर तिसऱ्या आठवड्यात आईपासून वेगळी करा.

रानजाई
केतकी, अजिबात खचू नकोस. जायफळला आता लसूणघास (म्हणजे अल्फाल्फाचा चारा, लसूण नव्हे) थोडा थोडा दे. एरवी मोठ्या गिनींना तो नको, कॅल्शियम जास्त असतं, पण गाभण मादीला आणि पिल्लांना हवा. ढोबळीची फोड थोडी मोठी कर. उचलणं बंद, पोटाखाली हात घालायचा नाही. वजन पिशवीतूनच. आणि पिल्लं व्हायच्या आसपास तिने खाणं सोडलं, सुस्तावली किंवा कळा देऊनही तासाभरात पिल्लू आलं नाही, तर तडक डॉक्टरकडे.

पिल्लांना घर मिळायचं असेल तर मला व्यक्तिगत निरोप कर. दोघी माद्या निघाल्या तर जोडीने घ्यायला माझी मैत्रीण तयार आहे. ती पूर्वी पाळत होती, जागा आणि अनुभव दोन्ही आहे.

मीरा_प
पुढचे महिने उन्हाचे आहेत, तेही लक्षात असू दे.

नागपुरी_संत्रं
त्याबद्दल मी लिहितो, आमचा हातखंडा आहे तो. यांना अठरा ते चोवीस अंश मानवतं. तीसच्या वर धोका, आणि गाभणीला तर आणखी लवकर. पिंजरा गॅलरीत नको, खिडकीच्या उन्हात नको. आत शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा, त्या पोट टेकून पसरतात. पाण्याची बाटली गोठवून टॉवेलात गुंडाळून एका कोपऱ्यात ठेवा, दुपारी बदला. कूलरचा किंवा पंख्याचा झोत थेट अंगावर नको. ठाण्याला दमट हवेत कूलरचा उपयोगही नाही, दुपारी वातानुकूलित खोलीच बरी.

लाळ गळणं, जोरात धापा टाकणं, आडवं पडून न हलणं म्हणजे उष्माघात. बर्फाचं पाणी ओतायचं नाही. कोमट-गार पाण्याने कान आणि पंजे ओले करत डॉक्टरकडे न्यायचं.

टिपूची_आई
मूळ प्रश्न राहूनच गेला. केतकी, रुळल्या, म्हणजे रुळले का आता?

केतकी_ठाणे
हो! जाळीची भिंत घातली, घर दहा चौरस फुटांचं केलं. वेलदोडा फ्रीजचं दार उघडलं की "व्हीक व्हीक" असा घर डोक्यावर घेतो. काल लेक हातात ढोबळीची फोड धरून जमिनीवर बसली होती, तो तिच्या पायावर चढून फोड घेऊन गेला. मग मोकळ्या जागेत जाऊन चारी पाय हवेत टाकून उड्या मारल्या. आम्हाला वाटलं झटका आला!

रानजाई
ती आनंदाची उडी! लाही फुटते तशी. भीती गेली की मगच मारतात.

केतकी_ठाणे
जायफळ अजून हातातून घेत नाही, पण आम्ही खोलीत असताना गवत खाते, पाय पसरून झोपते. आजचं वजन ७९०. डॉक्टर, हे पिल्लांचं धरायचं की तिचं?

डॉ_माणदेशी
दोन्ही. शेवटच्या पंधरवड्यात वजन झपाट्याने वाढेल, ते ठीक आहे. एकदम उतरायला लागलं तर मात्र त्याच दिवशी फोन करा, रात्र असली तरी. डॉक्टरांचा रात्रीचा नंबर आत्ताच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

केतकी_ठाणे
लिहिला. पिल्लं झाली की इथेच कळवते.